लिहिणाऱ्याने मागून चालायचे

निकुरे मास्तर गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचायला सतरा दिवस लागले. श्रावणापासून भामरागडची वाट बंद असते. नदीनाले चढले की तिकडचे टपाल तिकडे पडून राहते आणि इकडचे इकडे. होडीने अलीकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते पत्र दिले गेले असावे. ते आलापल्लीच्या टपाल कचेरीत पोचले आणि तिथून मोटारीने माझ्याकडे आले. पाकिटाचे कोपरे ओलीने फुगले होते, अक्षर मात्र कुठे पसरले नव्हते. पत्र रुकमा मडावीचे होते. ती एके काळी आमच्या मिडल स्कूलची विद्यार्थिनी होती आणि गेली दोन वर्षे भामरागडच्या शाळेत निकुऱ्यांच्या हाताखाली शिकवीत होती. पत्र असे होते : “बडे गुरुजींना नमस्कार. आमचे गुरुजी मंगळवारी सकाळी वारले. सहा दिवस ताप होता. आलापल्लीहून डॉक्टर निघाले होते, पण नाल्यांना पूर होता म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेले. लाकडे ओली होती, वनखात्याच्या डेपोतून कोरडा साग मिळाला. गुरुजींच्या बाई इथेच आहेत आणि इथेच राहीन म्हणतात. तुम्हाला यायचे असेल तर कार्तिकात या, तेव्हा पाणी उतरते.”

चौतीस वर्षे मास्तरकी केल्यामुळे मुलांच्या हातचा कागद समोर आला की माझा हात लाल शाईच्या टाकाकडे जातो. तसा तो त्या दिवशीही गेला. पत्र दोनदा वाचले. खोडण्यासारखे काही नव्हते. मी कुठला प्रश्न विचारीन हे त्या मुलीने आधीच ओळखून शेवटच्या वाक्यात त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. चाळीस वर्षांचा, माझ्या हाताखाली काम केलेला एक माणूस गेला होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आले ते दुःख नव्हते. असे लिहिणारा एकही विद्यार्थी माझ्या हातून घडला नाही, हे मनात आले. दुःख नंतर आले... ते कधी आले ते सांगण्याची मला सवय नाही.

निकुरे ब्रह्मपुरीकडचे. घरी धानाची शेती, बोलणे सगळे झाडीपट्टीचे. आठ वर्षांपूर्वी ते आमच्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या हातात एक पत्र्याची पेटी होती आणि पायांत वहाणा नव्हत्या. वाटेतला नाला ओलांडताना काढल्या त्या तिथेच राहिल्या, असे त्यांनी हसत सांगितले. मी हसलो नाही. मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि निबंध हा माझा विषय होता. हे मी अभिमानाने लिहीत नाही, तशी वस्तुस्थिती होती. माझ्याजवळ नमुन्याच्या निबंधांची एक वही होती. मुले ती उतरवून घेत, पाठ करीत आणि परीक्षेत गुण मिळवीत. चांद्याला दर वर्षी शिक्षकांचा मेळावा भरे, त्यात निबंधलेखनावरचे भाषण अकरा वर्षे माझ्याकडे होते. त्या वहीतला सर्वांत गाजलेला निबंध सागरतीरावरच्या सूर्यास्ताचा. निकुऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात वही चाळली आणि विचारले, “बडे गुरुजी, समुद्र तुमी पाह्यला का जी?” मी नाही म्हणालो. “बरं,” ते म्हणाले आणि वही परत दिली. पुढे त्यांनी त्या वहीचा विषय कधी काढला नाही. त्यांनी वाद घातला असता तर मला बरे वाटले असते.

परिच्छेद कसा लिहावा हे ते ज्या रीतीने शिकवीत ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आमच्या शाळेत दूरदूरच्या रानातल्या वस्त्यांवरून मुले येत. निकुरे प्रत्येकाला शाळेपासून आपल्या घरापर्यंतची वाट एका परिच्छेदात लिहायला सांगत. मग कागदांची अदलाबदल होई. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्याने ते घर पाहिलेले नाही त्याने कागद हातात घेऊन चालायचे, आणि कागद लिहिणाऱ्याने दहा पावले मागून चालायचे. लिहिणाऱ्याने बोलायचे नाही, हा नियम. वाचणारा घरी पोचला तर परिच्छेद उतरला. चुकला तर त्याच कागदाच्या पाठीवर पुन्हा लिहायचा. गुण नाहीत, शेरा नाही, लाल शाई नाही. शाळेची मुले मास्तर रानात हिंडवतो, हे मुख्याध्यापकाने पाहिले पाहिजे, या निमित्ताने मी एका शनिवारी त्यांच्याबरोबर गेलो. कागद रुकमाचा होता. त्या वर्गातली ती एकटी मुलगी. वाचणारा होता विश्वनाथ, वनखात्याच्या कारकुनाचा मुलगा आणि माझ्या वहीतले सर्व निबंध तोंडपाठ असलेला माझा पहिल्या नंबरचा विद्यार्थी. “मोहाच्या झाडापाशी डावीकडे वळा,” इथपर्यंत वाचून तो थांबला.

“कोनता मोह वो?” तो वळून म्हणाला. “इथी तं जिकडं पाहा तिकडं मोहच हाय!”

रुकमाने तोंड मिटलेले होते, पण तिची हनुवटी आपोआप उजव्या हाताच्या एका झाडाकडे वळली.

“ए रुकमा, हनुवटी खाली,” निकुरे म्हणाले. “हनुवटीनंबी बोलता येते मानसाले.”

“गुरुजी, मले सांगू द्या ना! आमचा मोह सगळ्यायले माहीत हाय.”

“तुह्या घरच्यायले माहीत हाय. याले नाई. उद्या कागद एकटाच जाईन, तू संगं नसशीन. मंग तो कोनाले विचारन?”

मुले हसली. विश्वनाथ मुद्दामच भलत्या मोहापाशी वळला आणि सर्वांना धानाच्या चिखलाने भरलेल्या बांधीत घेऊन गेला. रुकमाच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती शेवटपर्यंत बोलली नाही. पुढच्या शनिवारी तिच्या कागदावर होते : “या मोहाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे उभे ओरखडे आहेत, बाकीच्या झाडांवर नाहीत.” या वेळी विश्वनाथ थेट तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तिच्या बापाने सर्वांना आंबील दिली. निकुरे जमिनीवर बसून प्याले. मला बाज टाकली होती. त्या बाजेवर बसून मी विचार करीत होतो, की हे इतके सोपे आहे तर ते इतक्या वर्षांत मला का सुचले नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात डेप्युटी साहेब शाळा तपासायला आले. मी विश्वनाथला पुढे केले. साहेबांनी त्याला पाठ असलेले काही विचारले नाही. “मी वनखात्याच्या बंगल्यावर उतरलो आहे. इथून तिथे जायची वाट लिही,” एवढेच म्हणाले. विश्वनाथने लिहिले, की वनश्रीने नटलेल्या या मार्गाने जाताना पथिकाचे मन हरखून जाते. साहेबांनी ते मोठ्याने वाचले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. “मन हरखले. आता वळायचे कुठे?” विश्वनाथने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. मग साहेबांनी वर्गावर नजर फिरवून रुकमाला उठवले. तिने सात वाक्ये लिहिली. साहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला, शिपायाला गाडी घेऊन पुढे पाठवले आणि संध्याकाळी कागद हातात धरून एकटे पायी बंगल्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. “हेडमास्तर, पोचलो,” ते म्हणाले. “पायरीची तिसरी फरशी हलते असे त्या पोरीने लिहिले होते. खरेच हलते.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “पौषातल्या मेळाव्यात या वर्षी निबंधावर निकुऱ्यांना बोलू द्या. तुम्ही अध्यक्ष व्हा.” मी होय म्हणालो. अध्यक्षाला हार घालतात आणि बोलायला कुणी सांगत नाही, हे मला ठाऊक होते.

त्यानंतर मी जे केले ते माझ्या स्वभावाला धरून नव्हते. निकुऱ्यांच्या वर्गात जाऊन मी म्हणालो, की या शनिवारी माझ्या घरची वाट मी लिहितो. कागद तयार करायला मला दोन दिवस लागले. तीन वेळा पुन्हा लिहिला. “ईशान्येस किंचित वळून, पुरातन वटवृक्षास उजवी घालून” अशी वाक्ये त्यात होती आणि ती मला आवडली होती. चिठ्ठी टाकून कागद रुकमाकडे गेला. माझे घर शाळेपासून फार तर हाकेच्या अंतरावर, पण ती रानातल्या वस्तीवरची, त्या आळीत कधी आलेली नव्हती. मी नियमाप्रमाणे दहा पावले मागून चाललो. तिने ईशान्य शोधायला सूर्याकडे पाहिले, वडाला उजवी घातली आणि सरळ चालत गेली. पुढचे वळण कागदावर लिहायचे राहिले, हे मला वडापाशीच कळले होते. सांगता येत नव्हते. सबंध वर्ग माझ्या मागे, पुढे ती मुलगी, आणि माझे तोंड बंद... ती जिथे थांबली तो गावाचा कोंडवाडा होता. आत दोन म्हशी होत्या. रुकमाने कागद एकदा उलटा करून पाहिला, मग माझ्याकडे वळून अतिशय प्रामाणिकपणे विचारले, “बडे गुरुजी, तुमी इथी राह्यता का जी?”

मुलांनी हसू दाबले. निकुऱ्यांनी हसू दाबले नाही, कारण त्यांना हसू आलेच नव्हते. ते पुढे येऊन म्हणाले, “वडापर्यंतची वाट बरोब्बर हाय. पुढं एक वाक्य कमी पडलं, बस्स.” त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि त्यांना माझी लाज राखायची होती, हेही खरे. मला तेच सहन झाले नाही.

त्याच आठवड्यात वरच्या कचेरीतून पत्र आले. भामरागडच्या शाळेत शिक्षक टिकत नाही, आपल्याकडून एक नाव सुचवावे. मी त्याच दिवशी उत्तर लिहिले. ते मला अक्षरशः आठवते. “भामरागडच्या शाळेसाठी श्री. निकुरे यांचे नाव सुचवितो. ते निरोगी आहेत, पायी चालण्याचा त्यांना कंटाळा नाही आणि गोंडी त्यांना समजते. रानातल्या मुलांना शिकविण्यात त्यांची बरोबरी करील असा शिक्षक या शाळेत दुसरा नाही. दिवाळीनंतर लगेच ते तेथे रुजू होऊ शकतील.” यात एकही वाक्य खोटे नव्हते. निकुऱ्यांविषयी मी लिहिलेले एवढेच चांगले शब्द. एक विषय, चार वाक्ये, कुठे अलंकार नाही. वाचणारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कुठेही न अडखळता चालत जाईल असा. माझ्या नोकरीतला तो सर्वांत नेटका परिच्छेद. ज्याच्याकडून शिकलो त्याच्यावरच तो खर्ची घातला. दिवाळीनंतर म्हणजे पौषाच्या आधी, हे मी मोजले होते.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल जावक वहीत उतरवावी लागे, आणि ते काम अक्षर चांगले म्हणून मीच निकुऱ्यांकडे दिले होते.

हुकूम आला. निघायच्या दिवशी सकाळी ते वही घेऊन माझ्या ओसरीवर आले. “बडे गुरुजी, जावक वही पुरी केली. घ्या.” मी घेतली. ते उभेच राहिले. मग म्हणाले, “तुमचा तो कागद उतरवला. एक शब्द कुठी फालतू नाई. वाचनारा सिद्दा भामरागडले पोचते.” ते हसले. त्या हसण्यात टोमणा होता की नव्हता हे मी सहा वर्षे ठरवू शकलो नाही. टोमणा असता तर आमची बरोबरी झाली असती. मला वाटते, तो नव्हता. त्यांना खरोखरच कागद आवडला होता. चांगले लिहिलेले दिसले की ते कुणाचे आहे आणि कुणाविरुद्ध आहे याकडे त्यांचे लक्षच जात नसे.

बैल जुंपलेले खाचर रस्त्यावर उभे होते. त्यांची पत्नी अनसूयाबाई त्यात पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. “भाऊ, आमच्याकडं येजा,” त्या म्हणाल्या. “तुमचा आधार होता म्हनून दोन वर्सं कशी गेली ते समजलं नाई.” म्हणजे निकुऱ्यांनी घरात सांगितले नव्हते. मी मान हलवली. सबंध वर्ग खाचरामागून नाल्यापर्यंत चालत गेला, रुकमा सगळ्यांत शेवटी. मी ओसरीवर बसून जावक वही तपासली. ते पान उघडले. माझी वाक्ये, त्यांचे अक्षर. एकही चूक नव्हती.

पौषातल्या मेळाव्यात भाषण मीच केले. डेप्युटी साहेबांनी निकुऱ्यांची चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, भामरागडची निकड मोठी होती. सागरतीरावरचा सूर्यास्त मी त्याही वर्षी वाचून दाखवला. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

पहिल्या वर्षाच्या शेवटी निकुऱ्यांचा कागद आला. पत्र नव्हे, परिच्छेद. वर एवढेच लिहिलेले होते : “आमच्या घरची वाट. सुटीत या.” मी तो वाचला आणि माझा टाक उचलला. आज तो कागद समोर आहे. आलापल्लीहून लाकडाचा ट्रक मिळतो, तो जिथे थांबतो तिथून पायी, हे मी ठेवले आहे. “इथे पाणी पिऊन घ्या, पुढे दोन कोस पाणी नाही,” हे खोडून समासात लिहिले आहे : विषयांतर. “दुसऱ्या नाल्याशी जो रस्ता चांगला दिसतो तो आपला नव्हे,” हे खोडले आहे : जो आपला नव्हे तो सांगण्याचे कारण काय? आणि शेवटचे वाक्य, “दार लोटलेले असते, कडी लावत नाही,” त्यावर दोन आडव्या रेघा आहेत. शेरासुद्धा नाही. तपासून झाल्यावर मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. उत्तर पाठवले नाही. त्यानंतरच्या पाच सुट्यांत गेलो नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत असे, की तिकडे मुले वाढली, त्यांच्या हातची मुले सातवीची परीक्षा पास होऊ लागली, रुकमा मास्तरीण झाली. दर बातमीला मी “असे का?” म्हणत असे. एवढ्या दूर पाठवूनही ते माझ्यापेक्षा कमी झाले नाहीत, याचा मला राग होता. आज लपवण्यात काही अर्थ नाही.

नाल्यांना पूर होता म्हणून डॉक्टर अर्ध्या वाटेतून परत गेले, असे रुकमाने लिहिले आहे. ते निरोगी आहेत, असे मी लिहिले होते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. ती एकाखाली एक ठेवून मी गेले कित्येक दिवस पाहत बसलो आहे...

अनसूयाबाईंना काय सांगायचे याचा मी परिच्छेद करून पाहिला. चार वेळा केला. पहिल्या वेळी तो दुखवट्याच्या पत्रासारखा झाला, दुसऱ्या वेळी माफीच्या अर्जासारखा. चारही फाडले. त्यांच्या घरी जाऊन तोंडानेच सांगावे लागेल असे दिसते. हा लेख छापून येईल तेव्हा तिकडचे टपाल अजून बंद असेल. पाणी उतरल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीचा हा अंक आणि मी, दोघे बरोबरच निघू. मी आधी पोचावे अशी माझी इच्छा आहे.

काल तो कागद खणातून काढून लाल शाई निघते का पाहिले. निघत नाही. कोऱ्या कागदावर सगळा परिच्छेद पुन्हा उतरवायला बसलो, पाण्याचे वाक्य घेतले, न जायच्या रस्त्याचे घेतले, आणि अर्ध्यावर थांबलो. नक्कल करण्याची गरज नाही. रेघांखालचे त्यांचे अक्षर स्वच्छ वाचता येते. तोच कागद नेईन.

लिहिणाऱ्याने मागून चालायचे, हा निकुरे गुरुजींचा नियम. माझ्या कागदावरून ते भामरागडला गेले तेव्हा मी ओसरीवरून उठलो नाही. कार्तिकात त्यांच्या कागदावरून मी जाईन. सांगितले आहे तिथे पाणी पिईन. दुसऱ्या नाल्याशी थांबेन, चांगला दिसणारा रस्ता सोडेन. दहा पावले मागे कुणी आहे का ते वळून पाहणार नाही... असले तरी ते काही बोलायचे नाहीत. शेवटी दार येईल. ते लोटलेले असेल, आणि त्याच्या आत बोलायची पाळी माझी आहे.